समुद्रकिनाऱ्यावरून पक्षी बघताना नेमकं बघायचं काय?

ओली_वाळू

नमस्कार मंडळी,

जंगलातले आणि तळ्यावरचे पक्षी गेली पाच-सहा वर्षं बघतेय, पण समुद्रावर बसून पक्षी बघणं माझ्यासाठी एकदम नवीन आहे. मागचे तीन रविवार सकाळी किनाऱ्यावर दोन-दोन तास बसले आणि दर वेळी डोळे दुखेपर्यंत बघून हात हलवत परत आले. वाळूवर बसलेले कुरव म्हणजे गल ओळखता येतात, त्यातही नेमके कुठले ते नाही, पण लांब पाण्यावर जे काय उडत असतं ते सगळे नुसते ठिपके, दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत ठिपका लाटेमागे गेलेला असतो आणि परत सापडत नाही. जंगलात कसं, पक्षी दिसला नाही तरी आवाज येतो, कुठल्या झाडावर आहे ते कळतं, शांत थांबलं की तो पुन्हा पुढे येतो. इथे झाड नाही, फांदी नाही, लाटांच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही.

शेवटच्या रविवारची वहीतली नोंद जशीच्या तशी देते: "कुरव ४० च्या आसपास, सुरय (?) १२, काळं काहीतरी १, पाण्याला लागून, उजवीकडे गेलं."

ते काळं काहीतरी आठवडाभर डोक्यातून जात नाहीये. माझ्याकडे ८x४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण आहे, टेलिस्कोप नाही. किनाऱ्यावरून समुद्रपक्षी बघणाऱ्यांनी सांगा, मी चुकतेय कुठे? का बोटीने आत गेल्याशिवाय हे जमतच नाही?

दुर्बीणवाला

बोट लागत नाही. किनाऱ्यावरून भरपूर दिसतं, फक्त दिवस निवडावा लागतो. तुम्ही रविवार निवडलात, पक्षी वारा बघून येतात.

वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहत असेल, आणि चांगला दोन-तीन दिवस वाहत असेल, तर एरवी खूप आत असणारे पक्षी किनाऱ्याकडे ढकलले जातात. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल किंवा समुद्र तेलासारखा शांत असेल तर तीन तास बसूनही ठिपकेच दिसणार. वादळ ओसरायला लागतं तो दिवस सगळ्यात भारी, कारण किनाऱ्याकडे ढकलले गेलेले पक्षी तेव्हा पुन्हा खोल समुद्राकडे परतत असतात. पण वादळ चालू असताना जाऊ नका, लाट कुठवर येईल त्याचा भरवसा नसतो.

दुसरं म्हणजे उजेड. सूर्य तुमच्या पाठीशी पाहिजे. सूर्य समोर असला की पांढराशुभ्र पक्षीसुद्धा काळाच दिसतो, त्यामुळे तुमच्या वहीतलं "काळं" खरंच काळं होतं का, हा पहिला प्रश्न. तुमच्या किनाऱ्याचं तोंड पूर्वेला असेल तर सकाळी सूर्य थेट डोळ्यात येतो, मग दुपार कलल्यावर जा. आणि ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते, तेव्हा कितीही भारी लेन्स असली तरी उपयोग नाही, म्हणून पहाट किंवा ढगाळ दिवस बरा.

ओली_वाळू

बापरे, सूर्य समोरच होता! तिन्ही वेळा. हे कसं लक्षात आलं नाही. पण मग ते काळं काय होतं ते आता कळायचं नाही का?

खारावारा

कळू शकतं. रंग सोडा. ते उडत कसं होतं ते सांगा. पंख सारखे मारत होतं का मध्ये मध्ये तरंगत होतं? सरळ रेषेत गेलं का वर-खाली होत? मान लांब होती का?

समुद्रावर रंगाला फार किंमत नाही, चालीला आहे. आपण ओळखीच्या माणसाला लांबून पाठमोरा असला तरी चालण्यावरून ओळखतो ना, तसंच आहे हे. जंगलात सवय लागलेली असते की भुवई बघा, पंखावरचे पट्टे बघा, पायाचा रंग बघा, आणि तीच सवय समुद्रावर आडवी येते, कारण इथे पट्टा दिसेपर्यंत पक्षी निघून गेलेला असतो. मी पहिलं वर्षभर पुस्तकातले रंग पाठ करण्यात घालवलं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, ज्या दिवशी पंख कसे हलतात तेवढंच बघायचं ठरवलं त्या दिवसापासून ठिपके सुटे व्हायला लागले.

कुरव संथ असतो, पंख रुंद आणि कोपरात जरा वाकलेले, घाई नाही, मनात आलं की पाण्यावर बसतो. सुरय म्हणजे टर्न त्याच्यापुढे अगदी हलका, पंख अरुंद टोकदार, प्रत्येक फटक्याला अंग जरासं वर उचललं जातं, आणि मुख्य खूण म्हणजे शोधत असताना चोच खाली पाण्याकडे रोखलेली. शेपटी दुभंगलेली असते पण ती लांबून दिसत नाही, चोचीचा कोन मात्र दिसतो. मासा दिसला की एका जागी फडफडत थांबतो आणि मग दगड टाकल्यासारखा खाली. पाणकावळा पाण्याला लागून, मान पुढे ताणलेली, न थांबता पंख मारत सरळ जातो, तरंगणं जवळपास नाहीच, बरेचदा तीन-चार जण एका रांगेत. गॅनेट आणि बूबी म्हणजे चार टोकांचा पक्षी, दोन पंख, चोच आणि शेपूट, सगळीच टोकदार.

आणि शिअरवॉटर! त्याचे पंख ताठ, काठीसारखे. चार-पाच फटके मारतो आणि मग लांबच लांब तरंगत जातो, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलत. बऱ्याच जातींची पाठ काळपट आणि पोट पांढरं, त्यामुळे तो कलला की काळा, पांढरा, काळा, पांढरा असा लुकलुकतो. पंखाचं टोक पाणी कापतंय असं वाटण्याइतका खाली असतो, इंग्रजी नावाचा अर्थच तो आहे. लाटेच्या दरीत गेला की गायब, आणि तुम्ही जिथे बघताय त्याच्या बऱ्याच पुढे वर येतो. म्हणून दुर्बिणीतून त्याच्या मागे जायचं नाही, पुढे जाऊन थांबायचं.

तर, तुमचं काळं काहीतरी पंख मारत होतं का तरंगत होतं?

ओली_वाळू

@खारावारा, डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. सारखे पंख मारत होतं असं वाटतंय. आणि सरळ. थांबलं नाही कुठे.

खारावारा

मग पाणकावळाच असणार बहुतेक. नाराज होऊ नका, तो लांबून ओळखता आला की बाकीच्यांना मोजायला एक माप मिळतं. पुढच्या वेळी मुद्दाम वीस-पंचवीस पाणकावळे बघा. म्हणजे जो तसा उडत नाही तो आपोआप डोळ्यात भरेल.

पहाटपक्षी

+१. आणि दुर्बीण सारखी वर-खाली करू नका. मी क्षितिजरेषा दृश्याच्या वरच्या भागात ठेवतो आणि खालचं पाणी मोकळं ठेवून अगदी सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेतो, मग मध्येच दोन-तीन मिनिटं एका जागी स्थिर. पक्षी आपण होऊन चौकटीत येतात. ८x४२ या कामाला उत्तम आहे, दृश्य रुंद मिळतं. टेलिस्कोप नंतर घ्या.

सोबत कुणी असेल तर "तो बघ, तिकडे" असं म्हणून काही होत नाही, समुद्रावर तिकडे म्हणजे कुठे? आम्ही एखादी बोय (पाण्यात तरंगणारी खूण) किंवा खडक धरतो, आणि सांगतो की बोयच्या डावीकडे दोन दृश्यं (दुर्बिणीत एका वेळी दिसतं त्याच्या दुप्पट रुंदी), क्षितिजाच्या खाली, डावीकडून उजवीकडे. दिशा सांगितली नाही तर बाकीचे शोधेपर्यंत पक्षी गेला.

दर्यावर्दी

उंचीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. अगदी पाण्याकाठी बसू नका, मागचा वाळूचा उंचवटा किंवा खडक असेल तर त्यावर बसा. डोळ्याची उंची समुद्रापासून २ मीटर असेल तर क्षितिज साधारण ५ किलोमीटरवर असतं, १० मीटर असेल तर ११ किलोमीटरवर, २० मीटर असेल तर १६ वर. अर्थात इतक्या लांबचा पक्षी ओळखू येणार नाही, पण खरा फायदा वेगळा आहे. थोडं वरून बघितलं की लाटांमधल्या दऱ्यांमध्ये नजर जाते, खालून बघितलं तर पुढची लाट मागचं सगळं झाकते. पण फार उंच कड्यावर गेलात तर पाण्यालगत उडणारे पक्षी गडद पाण्याच्या पार्श्वभूमीवर हरवतात. दहा-पंधरा मीटर मला बरं वाटतं. वाऱ्याकडे पाठ किंवा आडोसा मिळाला तर उत्तम, ट्रायपॉड असेल तर पाय पूर्ण आखूड करून खाली बसूनच वापरा, उभ्याने वाऱ्यात हलतोच.

आणि घरी आल्यावर लेन्सवरचे खारे थेंब कोरड्या फडक्याने पुसू नका कृपया! मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. दुर्बीण वॉटरप्रूफ असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवा, नसेल तर ओलसर मऊ कापडाने हलक्या हाताने टिपा आणि मगच पुसा.

कॅमेरा_खांद्यावर

छान धागा. माझा एक प्रश्न, वाळूवर सुरयांचा मोठा थवा बसलेला असतो, दोनशे-तीनशे सहज. तो एकदम उडाला की फोटो जबरदस्त येतो. मी सहसा हळूहळू चालत जातो आणि शेवटी थोडं धावतो. पण दर वेळी ते पाठ करून उडतात आणि पाठीमागून फोटो येतात. कुठल्या बाजूने गेलं की समोरून उडतील?

जुनी_वही

कुठल्याच बाजूने जाऊ नये रे बाळा. जरा रागावून लिहितेय पण तुझ्यावर राग नाही, हे कुणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही, मलाही कुणीतरीच सांगितलं होतं.

भरतीच्या वेळी वाळूवर बसलेला थवा रिकामटेकडा बसलेला नसतो. त्यातल्या वाळूत टोचून खाणाऱ्यांची खायची जागा पाण्याखाली गेलेली असते किंवा रात्रभर उडून ते नुकतेच उतरलेले असतात, आणि पुढच्या ओहोटीपर्यंत अंगातली ताकद राखून ठेवायची असते. एकदा उडवलं तर ते परत बसतात, खरं आहे, पण मग तुझ्यानंतर कुत्रा येतो, मग मुलं येतात, मग दुसरा कॅमेरा येतो. ज्यांना यानंतर हजारो किलोमीटर जायचंय त्यांच्या अंगातली चरबी अशी थोडी थोडी करून संपते. आणि विणीच्या हंगामात तर पायच टाकायचा नाही तिथे. छोटा सुरय घरटं म्हणजे वाळूत नुसता एक खळगा करतो, अंडी वाळूच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची, दोन पावलांवरूनसुद्धा दिसत नाहीत. आई-बाप अंड्यावर बसतात ते फक्त ऊब द्यायला नाही, उन्हापासून सावली द्यायलासुद्धा. पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात आणि अंडी गार करतात. तू त्यांना दहा मिनिटं हवेत ठेवलंस तर तापलेल्या वाळूत अंडी मरतात, आणि तुला कळतही नाही कारण तू वर बघत असतोस.

फोटो पाहिजे ना? ओहोटी असताना जाऊन वाळूवर पालथा पड, थव्यापासून चांगला लांब, आणि भरतीची वाट बघ. पाणी चढेल तसे ते स्वतः तुझ्याकडे सरकत येतात. समोरून फोटो मिळेल, बिनपळवता.

कॅमेरा_खांद्यावर

अंड्यांचं खरंच माहीत नव्हतं. पण ताई, मी एकटा नाही जात, तिथे रोज शंभर माणसं चालतात, माझ्या एका फेरीने कितीसा फरक पडणार?

जुनी_वही

ती शंभर माणसं कडेने चालून जातात. तू थव्याकडे धावतोस. पक्ष्याला हा फरक बरोबर कळतो, कडेने जाणाऱ्या माणसाला बघून ते फक्त मान वर करतात. मान वर केली, एकमेकांकडे सरकायला लागले, की तिथेच थांबायचं आणि दोन पावलं मागे यायचं. ती खूण ओळखायला शिक.

कॅमेरा_खांद्यावर

ठीक आहे. धावणार नाही. पालथं पडून बघतो या पौर्णिमेच्या भरतीला.

पहाटपक्षी

वाळूचं निघालंच आहे तर सँडरलिंगबद्दल लिहितो, समुद्रपक्षी नाही तो तसा, तुतवारांच्या घरातला आहे, पण लांबचं काही दिसत नसलं की मी त्यालाच बघत बसतो. लाट मागे गेली की तिच्या मागे पळत जाऊन ओल्या वाळूत चोच टोचणार आणि पुढची लाट आली की तिच्यापुढे पळत परत, पाय इतके भरभर की चाकावर चालल्यासारखे. एकदा ते गेल्यावर वाळूत बसून त्यांचे ठसे बघा. तीन बोटं पुढे आणि मागे काहीच नाही. मागचं बोटच नसतं त्याला, त्याच्या जवळच्या भावंडांना असतं. ठसा कडक वाळूवर पाच मिनिटं टिकतो, मग लाट येते. मी एकदा अशा ठशांच्या रांगेत टोचल्याची भोकं मोजली होती, हातभर लांबीत एकोणीस.

मधलीआळी

वाचतेय, खूप आवडतंय. एक बाळबोध प्रश्न, हे पक्षी पितात काय? चहूकडे खारं पाणी.

दर्यावर्दी

खारंच पाणी पितात. डोळ्यांच्या वर कवटीवर मिठाच्या ग्रंथी असतात, त्या रक्तातलं जास्तीचं मीठ ओढून घेतात आणि समुद्राच्या पाण्याहूनही खारट द्रव नाकपुड्यांतून बाहेर सोडतात. कनूट श्मिट-नीलसन या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात हे काम उलगडलं, सुरुवात पाणकावळ्यांपासूनच.

बघायचं असेल तर वाळूवर बसलेला मोठा कुरव दुर्बिणीत धरा आणि फक्त चोचीच्या टोकाकडे बघा. नाकातून पाणी ओघळत चोचीवरून पुढे येतं, टोकाला थेंब साठतो, फुगत जातो, उन्हात चकाकतो आणि मग तो मान झटकतो. सर्दी झालेली नसते त्याला.

खारावारा

दर्यावर्दी, मस्त. नाकाचं निघालं तर खोल समुद्रावर फिरणाऱ्या पेट्रेल आणि अल्बाट्रॉस या पक्ष्यांच्या घराण्याबद्दल लिहायलाच पाहिजे. यांच्या चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असतात, आणि पक्ष्यांना वास येत नाही हा समज मोडून काढण्यात यांचाही वाटा आहे. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव) खायला लागले की डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो, आणि काही पेट्रेल त्या वासाच्या मागावर भक्ष्यापर्यंत पोचतात, गॅब्रिएल नेविट यांनी १९९५ मध्ये हे दाखवलं. आता वाईट भाग असा की समुद्रात तरंगणाऱ्या प्लास्टिकवर शेवाळ चढलं की त्यालाही तोच वास येतो. म्हणजे प्लास्टिक दिसायला माशासारखं असतं एवढीच गोष्ट नाही, त्याला खाण्याचा वास येतो. हे वाचल्यापासून किनाऱ्यावरून निघताना मी एक पिशवी भरून कचरा उचलतोच.

आणि अल्बाट्रॉससारखे पक्षी पंख न हलवता तासन् तास कसे उडतात ते एकदा समजून घ्या, मग लांबच्या ठिपक्याकडे बघायची मजाच बदलते. पाण्याला घासून जाणारा वारा लाटांशी अडखळून मंद झालेला असतो आणि दहा-पंधरा मीटर वर तोच वारा जोरात असतो. पक्षी वाऱ्याच्या तोंडावर वर चढतो, वर जोरदार वाऱ्यात शिरतो, वळतो, आणि वाऱ्याच्या पाठीवर बसून खाली घसरतो, लाटेच्या आडोशाला येऊन पुन्हा वळतो आणि पुन्हा वर. दोन थरांच्या वेगातल्या फरकावर सगळं चाललेलं असतं. लॉर्ड रॅले यांनी १८८३ मध्येच हे मांडलं होतं, तेव्हा विमानंसुद्धा नव्हती. म्हणून वारा पडला की अल्बाट्रॉस पाण्यावर बसून राहतो, साडेतीन मीटरपर्यंतचे पंख नुसते मारत नेणं त्याला परवडत नाही. आणि म्हणूनच दुर्बीणवाला म्हणतात तसं, आपल्याला वाऱ्याचा दिवस पाहिजे.

मधलीआळी

हे मी दोनदा वाचलं आणि हाताने करून बघितलं, वर, वळण, खाली, वळण. आता डोक्यात बसलं.

जुनी_वही

कॅमेऱ्यावरून रागावले म्हणून आता दोन गोड गोष्टी सांगते, दोन्ही खऱ्या.

१९५२ मध्ये वेल्सजवळच्या स्कोखोम बेटावरून एक मँक्स शिअरवॉटर विमानाने अमेरिकेत बोस्टनला नेऊन सोडला.  साडेबारा दिवसांत साधारण ४,९०० किलोमीटर समुद्र ओलांडून तो आपल्या बिळात हजर. त्याला सोडल्याचं कळवणारं पत्र बोस्टनहून निघालं होतं, ते पक्षी घरी आल्यानंतर पोचलं!

दुसरी विस्डमची. ही लेसन अल्बाट्रॉस जातीची मादी, मिडवे बेटावर १९५६ मध्ये चँडलर रॉबिन्स यांनी तिच्या पायात कडं घातलं तेव्हाच ती अंडं देण्याच्या वयाची होती, म्हणजे जन्म १९५१ च्या सुमाराचा तरी. पुढे २००२ मध्ये याच रॉबिन्सनी पुन्हा तिथे जाऊन पक्षी पकडले, नवी कडी घातली, आणि नंतर जुन्या नोंदी जुळवताना कळलं की त्यातली एक आपणच ४६ वर्षांपूर्वी कडं घातलेली. त्यानंतरही ती कितीतरी वर्षं येऊन अंडी घालत, पिल्लं वाढवत राहिली आहे. हे कळलं ते पायातल्या एका धातूच्या कड्यामुळे आणि कुणीतरी वही नीट ठेवली म्हणून.

म्हणून ओली_वाळू, तुझ्या वहीबद्दल. नोंद चांगली आहे पण तीत वारा नाही, वेळ नाही, पक्षी किती वाजता कुठल्या दिशेला गेला ते फक्त एका ओळीत आहे. तासातासाचा हिशोब ठेव. सात ते आठ, आठ ते नऊ असा. वाऱ्याची दिशा, ढग, भरती का ओहोटी. आणि काही दिसलं नाही त्या तासालाही शून्य लिही, कोरं सोडू नकोस. कोऱ्या जागेचा अर्थ पक्षी नव्हते की तू नव्हतीस ते नंतर कळत नाही. पायात रंगीत कडं दिसलं तर रंग, कुठला पाय, वर का खाली, हे सगळं लिहून पक्षी-नोंदणी करणाऱ्यांना कळव. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलंस तर जगातल्या कुणालाही वापरता येतं.

दुर्बीणवाला

शून्याबद्दल पूर्ण सहमत. माझ्या सगळ्यात उपयोगी नोंदी शून्याच्याच आहेत, त्यावरूनच मला कळलं की माझ्या जागेवर जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात बसण्यात अर्थ नाही.

ओली_वाळू

तुम्ही सगळ्यांनी केवढं लिहिलंय, मी प्रिंट काढून वहीत लावलंय. एक विचारायचं राहिलं, आज संध्याकाळी फिरायला गेले तर ओहोटीच्या रेषेवर एक मेलेला कुरव होता. उचलून बाजूला ठेवायला पाहिजे होता का? मी नुसती बघत उभी राहिले.

दर्यावर्दी

हात लावला नाहीत तेच बरोबर. २०२१-२२ पासून बर्ड फ्लूची जी साथ पसरली तिने समुद्रपक्ष्यांच्या वसाहतीच्या वसाहती मोकळ्या केल्या, ब्रिटनमध्ये २०२२ च्या उन्हाळ्यात गॅनेट आणि ग्रेट स्कुआ हे मोठे समुद्रपक्षी फार मेले. त्यातून वाचलेल्या काही गॅनेटच्या निळसर डोळ्यांचा रंग काळा झालेला आढळला, इतका तो आजार आत शिरतो. मेलेला किंवा झिंगल्यासारखा वागणारा पक्षी दिसला तर लांबून फोटो, जागा, वेळ, आणि तिथल्या वनखात्याला किंवा पशुवैद्यकीय खात्याला कळवायचं. सोबत कुत्रा असेल तर त्याला आधी लांब न्यायचं.

वादळानंतर मात्र कधी कधी नुसते थकलेले पक्षी वाळूवर येऊन पडतात. पुन्हा पाण्यात ढकलू नका, तो दमूनच बाहेर आलेला असतो. लोकांना लांब ठेवा, जाणकाराला बोलवा.

खारावारा

पण आपलं काम मेलेला पक्षी कळवण्यापुरतंच राहू नये. लांबच लांब दोर आणि हजारो गळ लावून जी मासेमारी चालते त्यात अल्बाट्रॉस आमिषाला झडप घालून अडकतात आणि बुडतात. यावर साधे उपाय आहेत, बोटीच्या मागे फडफडणाऱ्या पट्ट्यांचा दोर सोडणं, गळाला वजन लावून तो पटकन बुडवणं, रात्री गळ टाकणं. जिथे हे नेटाने केलं जातं तिथे मरणारे पक्षी खूप कमी होतात. म्हणजे हातात काहीच नाही असं अजिबात नाही.

ओली_वाळू

तीन आठवड्यांनी परत लिहितेय. या वेळी वार बघितला नाही, वारा बघितला. दोन दिवस समुद्राकडून सलग वारा होता, आज पहाटे ढगाळ, मी मागच्या खडकावर पाठीला दगड लावून बसले. नोंद अशी:

६.१५ ते ७.१५: कुरव २२, पाणकावळा ९ (सगळे उजवीकडे), सुरय ३१.
७.१५ ते ८.१५: कुरव १८, पाणकावळा ४, सुरय ४४, आणि.

"आणि" नंतर वहीत नुसती रेघ आहे कारण हात थरथरत होता. आधी सुरयांचं सांगते. त्यांची चोच खाली रोखलेली दिसली, खरंच दिसली, आणि त्यानंतर मला एकदाही पुस्तक उघडावं लागलं नाही. एक माझ्यापासून तीसेक मीटरवर फडफडत थांबला, थोडा खाली आला, पुन्हा थांबला, आणि पंख मागे घेऊन पडला. पाणी उडालं ते दिसलं आणि आवाज एका क्षणाने आला, टप्प. चोचीत आडवी चांदीची काडी. तो उठला, अंग झटकलं, आणि तेवढ्यात डावीकडून एक जाडजूड तपकिरी पक्षी आला, कुरवाएवढा पण छातीला भरलेला, सरळ त्या सुरयाच्या मागे लागला. सुरय वर, तो वर. सुरय गर्रकन वळला, तोही वळला, एवढा जड पक्षी असा वळेल असं वाटत नाही. पाच-सहा वळणं झाली असतील. शेवटी सुरयाने मासा टाकला आणि त्याने तो पाण्याला लागायच्या आत हवेतच उचलला. मग शांतपणे पाण्यालगत निघून गेला. सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा नाही.

मी नाव लिहिलं नाहीये. आधी तुम्हाला विचारते.

पहाटपक्षी

अंगावर काटा आला वाचून!

खारावारा

पाठलाग, छातीचा भरीवपणा, हवेत उचललेला मासा, हे सगळं स्कुआ-जेगरकडे, म्हणजे दुसऱ्यांचा मासा लुटणाऱ्या समुद्रपक्ष्यांच्या घराण्याकडे, बोट दाखवतंय. पण काही कुरवसुद्धा असं हिसकावून घेतात, विशेषतः त्यांची तपकिरी पिल्लं, आणि मोठ्या कुरवांना पूर्ण पांढरा-राखाडी पिसारा यायला चार वर्षं लागतात, त्यामुळे किनाऱ्यावर तपकिरी कुरव भरपूर असतात. म्हणून एकच विचारतो. वळताना पंखाच्या बाहेरच्या भागात, टोकाकडच्या मोठ्या पिसांच्या मुळाशी, पांढरा झळका दिसला का? घाईने उत्तर देऊ नका, दिसला नसेल तर नाही म्हणा.

ओली_वाळू

दिसला. दोन्ही पंखांवर, प्रत्येक वळणाला. खरं तर लांबून पहिल्यांदा तोच दिसला होता आणि मला वाटलं पाण्याचा फेस आहे.

खारावारा

स्कुआच्याच घरातला. नेमका कुठला जेगर ते शेपटीची मधली पिसं दिसल्याशिवाय सांगता येणार नाही, वहीत "जेगर, जात अनिश्चित" असं लिहा आणि शेजारी तुमचं हे सगळं वर्णन शब्दाला शब्द उतरवून ठेवा.

जुनी_वही

वेळ पण लिही गं. आणि गेला कुठल्या दिशेला?

ओली_वाळू

७.४८. डावीकडून आला, उजवीकडे गेला. लिहिलं. उद्या वारा तसाच आहे म्हणतायत, सहाला खडकावर असेन.

कॅमेरा_खांद्यावर

मीही येतो मग माझ्या किनाऱ्यावर त्याच वेळेला, इथे नोंदी ताडून बघू. आणि @जुनी_वही, पौर्णिमेला पालथा पडलो होतो. पाणी चढलं तसा सगळा थवा माझ्याकडे चालत आला, शेवटचा सुरय इतका जवळ होता की लेन्स फोकसच होईना. एकही उडाला नाही.